बाजूचा वाटा

कवडूभाऊ गाणं ऐकायचा ते गाण्याकडे पाठ करून.

माझ्या हॉटेलात एका कोपऱ्यात फोनोचं टेबल होतं. कवडूभाऊ समोरच्या भिंतीपाशी जायचा आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. हात पाठीमागे बांधलेले, डोळे मिटलेले, कपाळ भिंतीपासून वीतभर लांब. त्या भिंतीवर माझ्या वडिलांनी हौसेने लावलेला आरसा होता. तो त्याने पहिल्याच दिवशी उतरवायला लावला. सगळं मनासारखं झालं की म्हणायचा, "लाव बाबू." मग मी चावी देऊन सुई टेकवत असे. नवख्या माणसाला वाटे, याला कोणी शिक्षा केली आहे. आलापल्लीला निघालेला जंगलखात्याचा एक साहेब चहाला थांबला होता. त्याने मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "या माणसाने काय चोरलं?"

मी हसलो होतो. पुढे तोच प्रश्न गावाने विचारला, तेव्हाही मी हसलो. ते लिहायचं म्हणूनच आज बसलो आहे, पण आधी माणूस सांगतो.

एकोणीसशे पन्नासनंतरचा तो काळ. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. आमचं गाव मूल गावाच्या रस्त्यावर, भोवती धानाच्या बांध्या, गावाच्या कडेला मोठा तलाव आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माझं हॉटेल. हॉटेल म्हणजे चार बाकं, एक भट्टी, चहा आणि आलुबोंडे. वीज नव्हती. पण माझ्याकडे फोनो होता, बॅटरीवर चालणारं आवाज वाढवायचं यंत्र होतं आणि छपरावर पितळी रंगाचा भोंगा होता. बॅटरी भरायला बसने मूलला जायची आणि बसनेच परत यायची. गाण्यांचे तवेही बसनेच यायचे. लाखेच्या त्या काळ्या तबकड्यांना आमच्याकडे तवा म्हणत. एका तव्यात दोन गाणी, म्हणजे एका सिनेमाचे चार तवे तरी घ्यावेच लागत. धान निघालं की गावात तंबूचा सिनेमा येई. त्याच्या आधी मी त्या सिनेमाचे तवे आणून ठेवत असे, म्हणजे तंबू लागेपर्यंत गाणी गावाला पाठ.

कवडूभाऊ ढिवर. तलावात मासे धरायचे आणि बाजारात विकायचे, हा त्याचा धंदा. माझ्या घरासाठी रोज सकाळी तो हॉटेलात मासे आणून द्यायचा आणि बदल्यात चहा प्यायचा. एकदा नवे तवे आले, त्या दिवशी तो तिथे होता. कोणतं गाणं चांगलं यावरून बाकांवर भांडण जुंपलं. अर्धं गाव एका गाण्याच्या बाजूने, अर्धं दुसऱ्याच्या. कवडूभाऊने चहा संपवला, कप उपडा ठेवला आणि म्हणाला, "असे भांडून का राह्यले? मासे वाटते तसे वाटून घ्या ना."

मासे कसे वाटतात ते सांगायला हवं. उन्हाळ्यात तलाव आटत येतो तेव्हा सगळे ढिवर मिळून मोठं जाळं ओढतात. निघालेल्या माशांचे सारखे वाटे पाडून पाळीवर ठेवतात. सारखे म्हटले तरी एखाद्या वाट्यात जास्त चांगला मासा येतोच. म्हणून एक जण वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका वाट्यावर काठी टेकवून विचारतो, "हा वाटा कोणाचा?" पाठ केलेला माणूस न पाहता एकेक नाव घेतो. ज्याचं नाव आलं त्याने तो वाटा उचलायचा. तक्रार नाही. कवडूभाऊ पुष्कळ वर्षं पाठ करणारा होता.

तेच त्याने गाण्यांना लावलं. मी तवा वाजवायचा, गाणं संपलं की विचारायचं, "हा वाटा कोणाचा?" भिंतीकडे तोंड करून कवडूभाऊ आधी निकाल द्यायचा आणि मग नाव घ्यायचा. त्या घटकेपासून ते गाणं त्या माणसाचं.

गुरुजींनी, म्हणजे आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी, पहिल्याच दिवशी चूक काढली. मासा डोळ्यांनी दिसतो म्हणून पाठ करायची, गाणं तर कानांनीच ऐकायचं, मग पाठ कशाला? कवडूभाऊ म्हणाला, "तोंडं दिसते ना गुरुजी. कोणाले कोन्तं पाह्यजे ते तोंडावर दिसते. तोंड पाह्यलं का इमान बिघडते." गुरुजींनी एकदम तोंड फिरवलं, कारण त्यांना एक गाणं हवं होतं.

त्याचे निकाल माशांच्या भाषेत असत. सर्वात वरचा मान मरळीचा. मरळ पाण्याबाहेर काढली तरी कितीतरी वेळ जिवंत राहते. भोंगा बंद झाल्यावरही जे गाणं डोक्यात तडफडत राहील ते मरळ. चाल गोड आहे पण हातात राहत नाही, ते वाम. ऐकताना बरं वाटतं आणि मागून टोचतं, ते शिंगी. शिंगी ही काळी, काटा मारणारी मासळी, तिने हात धरला की माणूस रात्रभर कण्हतो. विरहाची बहुतेक गाणी त्याच्या लेखी शिंगीच होती. हसण्याखिदळण्याची गाणी झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी, मूठभर असले तरच चव. आणि वाद्यांचा फार गलबला असला की म्हणायचा, "वाजवणाऱ्यायनं पाणी लई गढूळ केलं. माशाचं तोंडच दिसत नाई."

त्याचे निकाल बरोबर असत असं मुळीच नाही. त्याने मरळ ठरवलेली गाणी पुढच्या हंगामात कोणाला आठवत नसत. एकदा त्याने एक गाणं झिंगे म्हणून टाकून दिलं, आणि ते दोन वर्षं साऱ्या हिंदुस्थानात लग्नाच्या वरातींत वाजलं. मी त्याला तसं सांगितलं तर म्हणाला, "हिंदुस्थानात झिंगे लई खाते लोक."

पण वाटपात त्याची अक्कल वेगळी होती. हॉटेलाच्या तोंडाशी गंगाबाई मुरमुरे-फुटाण्याची टोपली घेऊन बसायची. काळी, खरखरीत आवाजाची, गिऱ्हाइकाला सरळ उत्तर न देणारी. तिच्या वाट्याला त्याने राजवाड्यातल्या राणीचं गाणं टाकलं. सगळे हसले. गंगाबाई नाही हसली. त्या दिवसापासून ते गाणं लागलं की ती कंबर ताठ करून बसायची, डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि गाणं संपेपर्यंत मुरमुरे मोजायची नाही. गिऱ्हाईक ताटकळलं तर म्हणायची, "थांब ना जरासा. माह्यं गाणं चालू हाय, दिसत नाई का?"

त्यातूनच नियम तयार झाले. आपल्या वाट्याचं गाणं चालू असताना मालकाने बोलायचं नाही. गाव सोडून जाणाऱ्याने गाणं परत करून जायचं. आणि सर्वात कडक नियम, वाटा मागायचा नाही. पाटलांनी एकदा गडी पाठवून अमुक गाणं आपल्या नावावर करा असा निरोप दिला होता. कवडूभाऊने निरोप परत पाठवला, "वाटा मागून भेटत नाई, आन् नाई म्हणून जात नाई." हे त्याचं आवडतं वाक्य. कशालाही लावायचा. माझ्या बायकोला पहिल्या खेपेला मुलगी झाली तेव्हाही पेढा खाताना हेच म्हणाला.

मला मिळालं ते दारुड्याचं गाणं. मी तर विडीही ओढत नव्हतो. मी रागावलो तर म्हणाला, "तू पेत नाई म्हणूनच देल्लं. पेणाऱ्याले देल्लं असतं तर त्याले वाटलं असतं आपलं कौतुकच होऊन राह्यलं." गुरुजींचं तर त्याहून वाईट झालं. सोळा वर्षांच्या पोरीने झुल्यावर बसून म्हणायचं गाणं त्यांच्या वाट्याला आलं. पिवळा फेटा, मिशा, हातात छडी, आणि हे गाणं. ते आठवडाभर घरीच चहा प्याले. मग एक दिवस शाळेजवळून जाताना मी ऐकलं, फळ्यावर भागाकार लिहिता लिहिता गुरुजी तीच चाल गुणगुणत होते. पण राग त्यांनी मनात ठेवला होता.

आता बाजूच्या वाट्याचं सांगतो.

प्रत्येक सिनेमाच्या गाण्यांत जे त्याला सर्वात उत्तम वाटे, खरी मरळ, ते तो कोणालाच देत नसे. मी विचारायचो, हा वाटा कोणाचा? तो म्हणायचा, "बाजूले ठेव." माशांतही बाजूचा वाटा असतो. जो आजारी आहे, परगावी आहे, काही कारणाने येऊ शकला नाही, त्याच्यासाठी तो ठेवतात. पण गाण्यांना कोण येऊ शकलं नव्हतं? सगळं गाव तर हॉटेलात होतं. लोकांनी सरळ अर्थ लावला की उत्तम माल हा स्वतःला ठेवून घेतो.

त्यात आणखी एक विचित्रपणा. ते बाजूचं गाणं मी रोज संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी एकदा लावायचं, आणि लावताना भोंगा बाजाराकडे नाही, तलावाकडे फिरवायचा. रोजची ताजी मासळी त्याच्याकडून येत होती, म्हणून मी ऐकत असे. गावात चेष्टेला ऊत आला. कवडू माशांना गाणं ऐकवून जाळ्यात बोलावतो. मासे आता गाण्याशिवाय जेवत नाहीत म्हणे. कवडूभाऊ त्या वेळी हॉटेलाच्या पायरीवर बसलेला असे, तलावाकडे पाठ करून. मला एवढंच विचारायचा, "वारा कोणीकडचा हाय बाबू?" मी पाण्याकडे बघून सांगायचो, "तिकडेच चालला आहे." मग त्याला बरं वाटायचं.

एका बाजाराच्या दिवशी गर्दी होती म्हणून मी भोंगा बाजाराकडेच ठेवून ते गाणं लावलं. कवडूभाऊ पाण्यात होता. गुडघ्याएवढ्या चिखलातून तो धावत आला, तसाच छपरावर चढला आणि दोन्ही हातांनी भोंगा तलावाकडे फिरवला. उतरल्यावर धापा टाकत म्हणाला, "तिकडं एक माणूस हाय."

मी पलीकडच्या पाळीकडे पाहिलं. लांब, एका दगडावर कोणीतरी बसलं होतं. मांडीवर जाळं होतं, पण हात हलत नव्हते. गाणं संपलं तेव्हा हात पुन्हा हलू लागले.

"लटारू," कवडूभाऊ म्हणाला. "कोणाले सांगू नको."

लटारूभाऊची गोष्ट जुन्या लोकांना माहीत होती, पण ती कोणी गाण्यांशी जोडली नव्हती. कवडू आणि लटारू एकाच डोंग्यातून मासे धरायचे. डोंगा म्हणजे एका अख्ख्या झाडाचं खोड कोरून केलेली होडी, दोघांनी मिळून कोरलेली. वाटपात लटारू काठी टेकवून विचारणारा आणि कवडू पाठ करून सांगणारा. एका उन्हाळ्यात कवडू वाट्यांकडे पाठ करून, तलावाकडे तोंड करून उभा होता. लटारूने एका वाट्यावर काठी टेकवली. कवडू म्हणाला, "लटारूचा." त्या वाट्यात निम्म्याहून जास्त शिंग्या निघाल्या. उन्हाने डोकं तापलेलं होतं. लटारू सगळ्यांसमोर बोलून गेला, "यानं पाण्यात पाह्यलं. पाण्यात वाटे दिसते."

एवढंच. कवडूने हात उगारला नाही, शिवी दिली नाही. चालता झाला. लटारू त्याच महिन्यात पलीकडच्या पाळीवर सासऱ्याच्या गावी राहायला गेला आणि तिकडूनच मासे धरू लागला. डोंगा पाळीवर उपडा पडून राहिला. पंचांनी एकाने घ्यावा आणि दुसऱ्याला भरपाई द्यावी असं सुचवलं, तर दोघांनीही ऐकलं नाही. मग कोणीतरी म्हणालं, मधोमध कापा. तेव्हा मात्र दोन्ही पाळींवरून एकच निरोप आला, कापणाऱ्याचा हात कापू. त्या डोंग्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या.

म्हणून आरसा उतरवला होता. म्हणून डोळे मिटून, भिंतीकडे तोंड. आणि सर्वात चांगला वाटा, जो त्या उन्हाळ्यात द्यायचा राहिला, तो कवडूभाऊ रोज संध्याकाळी वाऱ्यावर पाठवत होता. समोरचा माणूस घेतो की नाही हे बघायलासुद्धा वळत नव्हता. मी पाहत होतो, मला माहीत होतं की तो घेतो. पण कवडूभाऊने कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. फक्त वाऱ्याचं सांगत राहिलो.

पुढच्या हंगामात एका मोठ्या सिनेमाचे तवे आले. त्या दिवशी हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. वाटप रंगात आलं होतं. शेवटच्या तव्याच्या शेवटच्या गाण्यावर सगळे गप्प झाले. नावेतलं गाणं होतं ते, हळू चालीचं, आणि माझ्यासारख्या बहिऱ्या जिवालाही कळलं की ही मरळ आहे. मी विचारलं. कवडूभाऊ म्हणाला, "बाजूले ठेव."

गुरुजी उठून उभे राहिले. म्हणाले, आता हे स्वराज्य आहे, वाटणारा स्वतःला चांगलं वाढून घेतो हे चालणार नाही. बाजूला कोण आहे त्याचं नाव सांगावं, नाहीतर वाटा सगळ्यांत यावा. लोकांना पाहिजेच होतं. नाव सांग कवडू, नाव सांग, असा गलका झाला. कोणीतरी चोर म्हणालं. कवडूभाऊ भिंतीकडे तोंड करून उभाच होता. त्याचे मागे बांधलेले हात मला दिसत होते. एका हाताने दुसऱ्या हाताचा अंगठा घट्ट धरला होता.

मला नाव माहीत होतं. मी सांगितलं नाही. कवडूभाऊने कोणाला सांगू नको म्हटलं होतं, म्हणून मी गप्प बसलो, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला समजावलं. खरं असं आहे की त्या वेळी मला ते आठवलंच नाही. हॉटेल भरलेलं होतं, सगळे हसत होते आणि मलाही मजा येत होती. मीच म्हणालो, "गुरुजी, या खेपेला तुम्ही वाटा."

गुरुजींनी पाठ केली. मी विचारलं, हा वाटा कोणाचा? गुरुजींनी घसा साफ केला आणि म्हणाले, "माझा." छप्पर उडेल असे लोक हसले. कवडूभाऊने टोपी घातली, जाताना माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गंगाबाईच्या टोपलीला वळसा घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. मासळी गंगाबाईच्या हाती यायची. गाणं आता गुरुजींचं होतं आणि शाळेच्या घरांपर्यंत ऐकू जावं म्हणून त्यांनी भोंगा गावाकडे फिरवून घेतला. संध्याकाळी तलाव नुसताच असायचा. मी सवयीने वारा बघायचो. सांगायला कोणी नसायचं.

मग एका सकाळी पाळीवरून एक माणूस चालत आला. धुतलेलं धोतर, खांद्यावर पांढरा शेला, पायांत काही नाही. माणूस मेलेल्या घरी जाताना जसे जातात तसा. हॉटेलापाशी येऊन थांबला. मी त्याला इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होतो, तरी ओळखलं. गुरुजी बाकावर चहा पीत होते.

लटारूभाऊ म्हणाला, "कवडूची माती कधी झाली? मले कोणी सांगतलं नाई."

मला आधी कळेना. मग मी घाईघाईने म्हणालो की कवडूभाऊ धडधाकट आहे, घरी जाळं विणत बसला असेल. लटारूभाऊ माझ्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा आधी सैल पडला आणि मग हळूहळू लाल झाला.

"जित्ता हाय?" तो म्हणाला. "मंग गाणं काऊन बंद केलं? रोज गाणं येत होतं तं समजे, आहे म्हणून. आता इतके दिवस काईच नाई. मी तिकडं दोन दिस जेवलो नाई, आन् हा इथी जाळं विणून राह्यला?"

गुरुजींचा कप हवेतच राहिला. ते हुशार माणूस होते, एका घोटात त्यांना सगळं कळलं. कप खाली ठेवून ते मला म्हणाले, "तुला माहीत होतं?" मी मान डोलावली.  रागावले असते तर बरं झालं असतं. फेटा बाकावर काढून ठेवला आणि वयाचा विचार न करता शिडी लावून स्वतः छपरावर चढले, भोंगा फिरवायला.

लटारूभाऊ तोवर तरातरा ढिवरांच्या मोहल्ल्याकडे निघाला होता. मी मागोमाग गेलो. मला वाटलं, आता मारामारी होते.

कवडूभाऊ अंगणात गल्लीकडे पाठ करून बसला होता. जाळ्याचा एक पदर पायाच्या अंगठ्यात धरून फाटलेलं शिवत होता. लटारूभाऊ त्याच्या मागे जाऊन उभा राहिला. रागात काय काय बोलायचं ते त्याने वाटेत जुळवलं असावं, ओठ हलत होते. पण अंगणात कुडाला टेकवलेली एक काठी होती. ती त्याने उचलली, स्वतःच्या पायांसमोर जमिनीवर टेकवली आणि विचारलं,

"हा वाटा कोणाचा?"

कवडूभाऊची सुई थांबली. तो वळला नाही.  तिकडे हॉटेलात कोणीतरी तवा लावला आणि छपरावर गुरुजींनी भोंगा फिरवला असावा, कारण नावेतलं गाणं आधी गावाकडून आणि मग पाण्यावरून ऐकू यायला लागलं.

"लटारूचा," कवडूभाऊ म्हणाला.

"शिंग्याच असतीन."

"मी पाह्यलं नाई," कवडूभाऊ तसाच पुढे बघत म्हणाला. "तेव्हाबी नव्हतं पाह्यलं."

लटारूभाऊ काठी टाकून त्याच्या शेजारी बसला आणि जाळ्याचा दुसरा पदर त्याने आपल्या अंगठ्यात धरला. मी परत आलो.

डोंगा सरळ करायला चार माणसं लागली आणि एका कोंबडीने फार गोंधळ घातला. त्यानंतर दोघे पुन्हा त्यातूनच जात. वयामुळे की सवयीमुळे कोण जाणे, डोंग्यात दोघे एकमेकांकडे पाठ करूनच बसत आणि भांडत. एकाचा निकाल मरळ तर दुसऱ्याचा झिंगे. संध्याकाळी पाण्यावरून ओरडून मला सांगत, आणि मी कोणाचंच ऐकत नसे.

पुढच्या सिनेमाचे तवे आले तेव्हा भिंतीकडे तोंड करून दोघेही उभे होते. त्यांच्या मागे गुरुजी शिस्तीत बसले होते. झुल्यावरचं गाणं परत करणार नाही असं त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. मग मरळ निघाली. मी विचारलं, हा वाटा कोणाचा? कवडूभाऊ सवयीने "बाजूले" म्हणायला गेला आणि थांबला. बाजूला आता कोणी उरलं नव्हतं. लटारूभाऊ भिंतीकडे बघतच हसला.

"हॉटेलवाल्याचा," कवडूभाऊ म्हणाला.

मी म्हणालो, नको, मला नको. त्या दिवशी मी काय केलं ते त्याला पक्कं माहीत होतं, जाताना त्याने माझ्याकडे पाहिलंच होतं. त्यालाही ठाऊक होतं की मी का नको म्हणतो आहे. पण तो वळला नाही.

"नाई म्हणून जात नाई बाबू," तो म्हणाला. "लाव पुढचं."

गेल्या वर्षी गावच्या शाळेच्या समारंभाला मला बोलावलं होतं. एका तरुणाने गावातल्या गमतीजमती सांगितल्या. त्यात कवडू ढिवर होता, भिंतीकडे तोंड करणारा आणि चांगली गाणी स्वतःला ठेवून घेणारा लबाड. लोक खूप हसले. ही गोष्ट त्या तरुणाला मिळाली कुठून? मीच माझ्या हॉटेलात, गुरुजींच्या "माझा"पर्यंत सांगून, पुढची सोडून देत असे. तेवढीच हशा पिकवायची. पुढची सांगितली तर नाव माहीत असून मी गप्प बसलो, तेही सांगावं लागे.

तर हे लिहून ठेवतो. कवडूभाऊने स्वतःला कधीही गाणं ठेवलं नाही. इतक्या वर्षांत एकसुद्धा नाही. त्याच्या नावावर काहीच नव्हतं, झिंगेही नव्हते.

आपल्या वाट्याचं गाणं चालू असताना मालकाने बोलायचं नाही, हा त्याचा नियम. माझ्या वाट्याचं ते गाणं अजून रेडिओवर कधीमधी लागतं आणि मी गप्प बसतो. सूनबाई विचारते, बाबा, असे भिंतीकडे तोंड करून का बसलात? आज ते सकाळीच लागून गेलं. संपलं, म्हणून बोललो.